विसरले की लपविले?

आयुर्विम्याच्या प्रस्ताव-अर्जात एक प्रश्न हमखास असतो. गेल्या पाच वर्षांत, एक आठवड्याहून अधिक काळ उपचार घ्यावे लागतील अशा आजारासाठी आपण डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे काय? शब्द कंपनीगणिक थोडेफार बदलतात, आशय हाच. तीस वर्षांच्या तरुणाला विचारला तर हा प्रश्न प्रकृतीविषयीचा असतो. पासष्टीच्या गृहस्थाला तोच प्रश्न विचारला की तो बव्हंशी स्मरणशक्तीविषयीचा होऊन बसतो. ज्या साधनाने माणूस उत्तर देणार, ते साधनच धड आहे की नाही हे मात्र अर्ज घेताना सहसा कोणी पाहत नाही. एजंट पाहत नाही, कारण त्याला धंदा हवा असतो. कंपनीने नेमलेला डॉक्टर उंची, वजन, रक्तदाब पाहतो, लघवीचा नमुना घेतो, छाती फुगवायला लावून फीत धरतो. मेंदूच्या विकाराविषयी अर्जात विचारणा असते, नाही असे नाही. पण तिचे उत्तरही अर्जदाराच्याच तोंडून यायचे असते.

हा विषय वरकरणी विमा कंपन्यांचा वाटेल. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याने त्यात का पडावे, असेही कोणी म्हणेल. पण एखाद्याचे मन शाबूत आहे की नाही हे ठरविण्याचा प्रसंग सरकारी कचेरीतही नित्य येतो, आणि तेथेही आम्ही तो अंदाजानेच निभावतो. दस्त करून देणारा माणूस वेडसर दिसला तर नोंदणी नाकारावी, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ३५ वे कलम सांगते. 'दिसला तर'! दुय्यम निबंधकाजवळ त्यासाठी स्वतःच्या डोळ्यांखेरीज दुसरे साधन नाही. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकाकडून हयातीचा दाखला घेतला जातो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर घरबसल्या देता येतो. तो माणूस जिवंत आहे एवढे त्यावरून सिद्ध होते. आपल्या पैशाचे काय होते आहे हे त्याला कळते का, हा प्रश्न कोणत्याच खात्याच्या कक्षेत येत नाही.

मी राहतो ते गोरखपूर म्हणजे उत्तर प्रदेशातले नव्हे. जबलपूर शहराचा हा एक गजबजलेला भाग. याच नावाची तहसीलही आहे. गोंदियाहून येणारी छोटी गाडी पूर्वी इथल्या हाऊबाग स्थानकात येऊन थांबे. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे त्या वाटेवर मोठी रेल्वे आली. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे कचेऱ्या, शाळा, तोफगाडी कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना यांच्या निमित्ताने आलेली मराठी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला, आईवडील इथे. या पानांचे बरेचसे वाचक त्या मुलांपैकीच आहेत याची मला कल्पना आहे, आणि हे लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

आयुर्विम्यातील सत्यकथनाचा भारतीय कायदा ज्या एका खटल्यावर उभा आहे, त्याचा धागा योगायोगाने जबलपूरशी जोडलेला आहे. मिठूलाल नायक विरुद्ध आयुर्विमा महामंडळ हे त्याचे नाव; सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी १९६२ चा. एका गृहस्थाने १९४५ साली ओरिएंटल कंपनीकडून पंचवीस हजार रुपयांचा विमा उतरविला. मध्यंतरी हप्ता थकला, १९४६ च्या जुलैत पॉलिसीचे पुनरुज्जीवन झाले आणि नोव्हेंबरात ते गृहस्थ वारले. पॉलिसी ज्यांच्या नावे हस्तांतरित झाली होती त्यांनी दावा केला, कंपनीने तो नाकारला. कारण असे की, १९४३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पंडुरोग, पायांवरील सूज, अतिसार आणि धाप यांसाठी जबलपूरच्या एका डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले होते आणि प्रस्तावात मात्र तसे काही नसल्याचे लिहिले होते. दरम्यान कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन महामंडळ आले. दावा फेटाळला गेला. भरलेले हप्तेही परत मिळाले नाहीत.

या निकालाने तीन कसोट्या घालून दिल्या. चुकीचे विधान महत्त्वाच्या बाबीविषयी हवे. ते कपटबुद्धीने केलेले हवे. आणि ते करताना ते खोटे असल्याची विमाधारकाला जाणीव हवी. पहिली कसोटी डॉक्टरांच्या कागदावरून लागते. दुसरी आणि तिसरी मनाच्या आत शिरल्याशिवाय लागत नाही. १९६२ च्या खटल्यात माणूस कर्ता-सवरता होता, आजार ठसठशीत होता, मध्ये दीड वर्षही गेले नव्हते. त्याला ठाऊक होते असे म्हणायला न्यायालयाला अडचण पडली नाही. परंतु विधान करणाऱ्याची स्मृतीच झिजू लागलेली असेल तर 'जाणीव होती' या शब्दांचा अर्थ काय करायचा? त्या काळी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणही नव्हते, कारण पासष्टीला विमा उतरवायला कोणी जात नसे.

आज जातात. आणि बहुधा स्वतःच्या हौसेने जात नाहीत, कर्जापायी जातात. मुलाचे घरकर्ज, नातवाचे शिक्षणकर्ज. बापाची किंवा आजोबांची सहकर्जदार म्हणून सही. आणि सहीसोबत कर्जाला संरक्षण म्हणून विमा. २०२१ च्या जानेवारीपासून सर्व कंपन्यांना जी प्रमाणित मुदत-विमा योजना विकावी लागते, 'सरल जीवन विमा', तिच्यातही प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ६५ ठेवलेली आहे. याच वयाच्या सुमारास विस्मरणाच्या रोगाची पहिली पावले पडतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे. माणसे मोजली तर सुमारे ८८ लाख. ही रोगाच्या टप्प्यावर पोचलेल्यांची गणती झाली. उंबरठ्यावर असलेले वेगळेच.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले. नातवाच्या शिक्षणासाठी त्यांनी सहकर्जदार म्हणून सही केली आणि विमाही घेतला. अर्ज इंग्रजीत, एजंटाने भरलेला; खाली यांची मोडी वळणाची मराठी सही. अर्जदाराला न येणाऱ्या भाषेत अर्ज भरला असेल तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे प्रतिज्ञापन लागते. तेही होते, एजंटाच्याच ओळखीच्या कोणाची सही असलेले. मग कंपनीतून पडताळणीचा फोन आला, हिंदीत. "आपको कोई बीमारी तो नहीं?" हे म्हणाले, "नहीं." मी समोरच बसलेलो होतो. फोन ठेवल्यावर मी म्हटले, "अहो, तुम्हाला साखर आहे ना?" तर म्हणाले, "साखर म्हणजे काय बीमारी आहे? ती कोणाला नसते?" साखरेचे तरी त्यांनी हसून कबूल केले. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून ते नऊ दिवस इस्पितळात होते, याची मात्र त्यांना त्या वेळी आठवण झाली नाही. मी तेव्हा परगावी असल्याने मलाही ते ठाऊक नव्हते.

घरच्यांना एक गोष्ट ठाऊक होती. गेले वर्षभर ते विसरत होते. रामपूर चौकातून घरी यायला एकदा दीड तास लागला. भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले. घरात कोणी हे मोठ्याने बोलले नाही. वय झाले, एवढ्यावर विषय संपे. डॉक्टरांकडे कोणी नेले नाही. आजाराला नाव मिळाले नाही, म्हणून तो अर्जात आला नाही.

वर्षभरात हृदयविकाराने ते गेले. कंपनीने इस्पितळाचे कागद शोधून काढले आणि दावा नाकारला. वहिनी ते पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. भोपाळच्या विमा लोकपालांकडे तक्रार करायची होती. त्यांनी मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. "भावजी, काय लिहायचं? त्यांना आठवत नव्हतं असं लिहू? की ते सगळं समजून-उमजून करत होते असं लिहू?"

हा प्रश्न केवढा अवघड आहे हे पाहण्यासाठी कायदा थोडा उघडून पाहिला पाहिजे. १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम २०१५ साली नव्याने लिहिले गेले. तीन वर्षे उलटल्यावर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही, ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली आणि खरोखरच चांगली गोष्ट. (पूर्वी दोन वर्षांची मुदत होती, पण तिच्यानंतरही कपटाची वाट मोकळी असे.) तीन वर्षांच्या आत मात्र कपटाचा आक्षेप घेता येतो. त्यावर बचाव असा दिला आहे की, विधान आपल्या माहितीप्रमाणे खरे होते किंवा लपविण्याचा हेतू नव्हता, हे विमाधारकाने सिद्ध करावे. ठीक. पण त्याच पोटकलमाला एक परंतुक जोडले आहे: विमाधारक हयात नसेल तर कपट नव्हते हे सिद्ध करण्याचा भार लाभार्थ्यांवर राहील. आयुर्विम्याचा दावा बहुतेक वेळा विमाधारक हयात नसतानाच करायचा असतो! म्हणजे मृत माणसाच्या मनात अर्ज भरताना काय होते आणि काय नव्हते, हे त्याच्या विधवेने सिद्ध करायचे.

ती म्हणते, ते विसरले होते. हा सच्चा बचाव आहे. परंतु असे म्हटल्याबरोबर समोरचा वकील १८७२ चा करार कायदा काढतो. कलम ११ आणि १२: करार करणारा सुदृढ मनाचा हवा, म्हणजे करार करते वेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करण्याची क्षमता त्याच्यात हवी. नऊ दिवस इस्पितळात होतो हे ज्याला आठवत नव्हते त्याला करार तरी कळला होता काय? करारच झाला नसेल तर दावा कसला? विसरले म्हणावे तर करार जातो. विसरले नाहीत म्हणावे तर कपट येते. दोन्ही दारांत कंपनीच उभी.

या कोंडीतून कायद्यानेच एक फट ठेवली आहे, असे माझे मत आहे. करार कायद्यातली कसोटी ही 'त्या वेळी, त्या करारापुरती' आहे. त्याच कलमाचे पहिले उदाहरण वेड्यांच्या इस्पितळातील, पण अधूनमधून शुद्धीवर असणाऱ्या रुग्णाचे आहे. तोही त्या काळात करार करू शकतो. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे तिसरे कलम स्पष्ट सांगते की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयानेच ठरवावे लागते. आठवण आणि विवेक ही दोन वेगळी कामे आहेत. कालची भाजी कोणती होती हे विसरलेला माणूस, नातवासाठी आपण जबाबदारी घेत आहोत हे पुरते जाणून असू शकतो.

म्हणून आम्ही दोन्ही लिहिले. विसरत होते हेही लिहिले, आणि करार त्यांना कळत होता हेही. पुराव्याला काय जोडायचे? निवृत्तांच्या एका छोट्या भिशीचा हिशेब ते शेवटपर्यंत स्वतः लिहीत. ती वही जोडली. त्यात एक चूक नव्हती. विजेच्या बिलांच्या पावत्यांवर त्यांच्या हातच्या तारखा होत्या, त्या जोडल्या. अखेर मध्यस्थीने, मूळ रकमेहून बऱ्याच कमी रकमेवर प्रकरण मिटले. वहिनींनी ते मान्य केले, कारण बँकेचे हप्ते थांबत नव्हते. माझ्या मनात मात्र ती वही राहिली. अर्ज घेताना कोणी दहा मिनिटे त्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलले असते आणि दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर भिशीच्या वहीला साक्षीदार करण्याची वेळ येती ना.

ही दहा मिनिटे कशी असावीत, याचे शास्त्र उपलब्ध आहे. १९७५ मध्ये फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस गुणांची छोटी मानसिक परीक्षा तयार केली. तारीख-वार, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने परत सांगणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, एक वाक्य लिहिणे, एक आकृती पाहून काढणे, असे तिचे स्वरूप. २००५ मध्ये कॅनडातून 'मोका' नावाची अधिक बारीक परीक्षा आली. तीत घड्याळाचे चित्र काढून काटे विशिष्ट वेळेवर दाखवायचे असतात. अमेरिकेत वयस्क अर्जदारांना, विशेषतः सत्तरीपुढे, शब्द आठवण्याची आणि घड्याळ काढण्याची चाचणी देणे विमा कंपन्यांच्या सरावाचे झाले आहे. कारण धर्मादायाचे नाही, हिशेबाचे आहे. बुद्धीचा ऱ्हास सुरू झालेल्यांचा मृत्युदर त्यांच्याच वयाच्या इतरांहून अधिक असतो, आणि ही गोष्ट रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

तिकडे स्थायिक झालेल्या आणि आईवडिलांना तेथे नेलेल्या वाचकांनी इथे थोडे थांबावे. 'मोका'च्या मूळ आवृत्तीतले लक्षात ठेवायचे पाच शब्द आहेत चेहरा, मखमल, चर्च, डेझीचे फूल आणि लाल. साऱ्या हयातीत नर्मदेच्या घाटावर गेलेल्या आजींना फोनवरून, अमेरिकी उच्चारात 'डेझी' ऐकवून पाच मिनिटांनी परत विचारले, तर आपण त्यांची स्मृती मोजतो की त्यांचे इंग्रजी? ज्या बाईने पाटीवरची पेन्सिल सोडल्यावर लेखणी धरली नाही, तिच्याकडून वर्तुळ वाकडे आले तर तो मेंदूचा दोष की हाताच्या सवयीचा?

आपल्याकडे याचा विचार झाला होता, आणि चांगला झाला होता. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे, निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी फोल्स्टीन परीक्षेची हिंदी आवृत्ती तयार करण्यात आली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नुसते भाषांतर त्यांनी केले नाही, प्रश्नच बदलले. वाक्य लिहायला लावण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगा म्हटले. सात-सात वजा करण्याच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. वाचून आज्ञा पाळण्याच्या जागी, 'माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे ठेवले. हे काम मला कोणत्याही शासकीय परिपत्रकाहून मोलाचे वाटते. परीक्षा घेणाऱ्याने परीक्षार्थीच्या अंगणात जाऊन उभे राहणे म्हणजे काय, ते त्यात दिसते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच सिद्ध केला. २०२० च्या सुमारास त्याची जी प्रमाणित आवृत्ती पुढे आली ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांची होती. मराठीचा नंबर त्या पहिल्या फेरीत लागला नाही. आठ कोटींहून अधिक लोकांच्या मातृभाषेची ही गत, हे आपल्या विद्यापीठांनी मनाला लावून घ्यावे.

जबलपूरच्या मराठी माणसाची आणखी एक गंमत आहे. तो बाजारात हिंदी बोलतो, हिशेब मराठीत करतो आणि तारीख पंचांगातली सांगतो. आज तारीख काय, असे माझ्या परिचयाच्या एका आजोबांना डॉक्टरांनी विचारले. ते उत्तरले, "आज संकष्टी. चंद्रोदय नऊ वाजून काही मिनिटांनी." इंग्रजी तारीख त्यांना सांगता आली नाही. छापील कोष्टकाप्रमाणे एक गुण गेला. चंद्रोदयाची वेळ सांगणाऱ्या माणसाची कालज्ञानाची शक्ती शाबूत आहे, हे कळायला डॉक्टर मराठी असावा लागत नाही. पण कोष्टकापलीकडे पाहणारा असावा लागतो. तेव्हा नुसती चाचणी आणून भागणार नाही. चुकीची चाचणी ही चाचणी नसण्याहून वाईट, कारण तिला आकडा असतो, आणि आकड्यापुढे आमच्या कचेऱ्यांत कोणी बोलत नाही.

या साऱ्या प्रकरणाची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. आयुर्विम्यात अर्जदार लवकर गेला तर तोटा कंपनीचा, म्हणून तेथे छाननी. वार्षिकीत, म्हणजे एकरकमी पैसे देऊन आयुष्यभराचे निवृत्तिवेतन विकत घेण्यात, उलट असते. तेथे माणूस लवकर गेला तर कंपनीचे सहसा काही बिघडत नाही, म्हणून प्रकृतीची चौकशीच नसते. २०१७ ते मार्च २०२३ या काळात चाललेली प्रधानमंत्री वय वंदना योजना घ्या. किमान वय ६०, कमाल वयाला मर्यादा नाही, १५ लाखांपर्यंत रक्कम, वैद्यकीय तपासणी काही नाही. योजना चांगली होती, मी स्वतः अनेकांना सुचविली. परंतु पंच्याऐंशी वर्षांचा माणूस दहा वर्षांसाठी पैसे अडकवीत आहे, आणि मुदतीआधी ते काढायचे तर स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या गंभीर आजाराखेरीज वाट नाही, हे त्याला समजले आहे का, असे विचारण्याची तरतूद तीत नव्हती. बँकेत मुदतठेव करायला गेलेला वृद्ध विम्याची पॉलिसी घेऊन परततो, हे तर आता इतके नेहमीचे झाले आहे की त्याची बातमीही होत नाही. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी २०२४ पासून सर्वांनाच ३० दिवस मिळतात. सही केल्याचेच ज्याला तिसऱ्या दिवशी आठवत नाही, त्याला हे तीस दिवस काय कामाचे?

अर्थात जेथे वृद्धाच्या विस्मरणाने कंपनीचे नुकसान होईल तेथे त्याची परीक्षा घेण्याचा विचार होतो. जेथे त्याचे स्वतःचे नुकसान होईल तेथे कोणालाच त्याची परीक्षा घ्यावीशी वाटत नाही. मृत्युपत्र करताना आपण काळजीने डॉक्टरांचा दाखला जोडतो, कारण पुढे भाऊबंद भांडतील हे ठाऊक असते. विम्यात भांडणारा पक्ष सभ्य कागदावर, सभ्य भाषेत पत्र पाठवतो, एवढाच फरक.

माझे म्हणणे असे की साठीपुढील प्रत्येक अर्जदाराची, विमा असो की वार्षिकी, एक छोटी बोधपरीक्षा समोरासमोर, तो घरी बोलतो त्या भाषेत व्हावी आणि ती घेणारा एजंटाच्या वर्तुळाबाहेरचा असावा. तिचा निकाल आधी अर्जदाराच्या हाती पडावा. गुण कमी आले तर नकार देऊ नये; पूर्ण तपासणी सुचवावी. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, औदासीन्य, ऐकू न येणे, यांनीही गुण घटतात आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. विमा मिळाला नाही तरी रोग वेळेवर कळला, हेही थोडे नाही. हे सारे विमा नियामक प्राधिकरणाला आपल्या अधिकारात करता येण्यासारखे आहे. कलम ४५ चे परंतुक बदलणे संसदेचे काम; पण ते व्हावे. ज्या कंपनीने साठीपुढील माणसाची अशी परीक्षा न घेता हप्ता स्वीकारला, तिला पुढे त्याच्या विस्मरणाला कपट म्हणण्याचा अधिकार नसावा, आणि करार झालाच नाही असे म्हणण्याचा तर मुळीच नसावा. भार तिच्यावर असावा. दार उघडे ठेवून पाहुणा आत घेतला, त्याचे पैसे घेतले, आणि तो मेल्यावर त्याच्या बायकोला विचारायचे की हा शुद्धीत आला होता काय, हे न्याय्य नव्हे.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला खर्चाचा. तो मला पटत नाही. छाती मोजायला डॉक्टर येतोच, तो वार उलटे म्हणवून घेऊ शकतो. दुसरा आक्षेप मानाचा आहे आणि तो खरा आहे. पस्तीस वर्षे कारखान्यात मान वर करून वावरलेल्या माणसाला 'आज वार कोणता' विचारणे म्हणजे त्याची अवहेलना, असे घरच्यांना वाटते. वाटणारच. रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळताना कोणाला अवहेलना वाटत नाही, कारण तो सर्वांना गुंडाळला जातो. निवडक लोकांना, संशयावरून विचारले की अपमान होतो. वयाच्या नियमाने सर्वांना विचारले की तो रिवाज होतो. निदान माझा सरकारी अनुभव असा आहे. परीक्षेचा दुरुपयोग होईल, कंपन्या तिच्या आडून म्हाताऱ्यांना सरसकट वगळतील, ही भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. म्हणूनच नकाराची कारणे लेखी, अर्जदाराच्या भाषेत आणि लोकपालांपुढे आव्हान देता येतील अशी हवीत.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर ज्यांचे आईवडील इकडे एकटे आहेत त्यांनी एक करावे. कर्जाच्या निमित्ताने असो की बचतीच्या, त्यांच्यापुढे विम्याचा अर्ज आला की फोन लावून, शक्य तर व्हिडिओवर, तो संपूर्ण वाचून घ्यावा. इस्पितळाचे जुने कागद आधी गोळा करावेत आणि अर्जासोबत देऊन टाकावेत. जे आठवत नाही तेथे 'नाही' लिहू देऊ नये. 'आठवत नाही' असेच लिहावे, एजंट कितीही कुरकुरला तरी. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी. आणि अर्ज भरल्याच्या आसपास वडिलांना ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन, त्यांना अर्ज समजला आहे अशी दोन ओळींची तारखेसह चिठ्ठी घ्यावी. वहिनींच्या फाइलीत ती असती तर लोकपालांपुढचा अर्ज मी अर्ध्या पानात लिहिला असता.